हवेचा तक्ता हवाच!

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या खाटेला ताप, नाडी आणि रक्तदाब यांचा तक्ता अडकवलेला असतो. सकाळी १०१ ताप आहे, एवढ्यावरून डॉक्टरला फारसे कळत नाही. काल तो किती होता, रात्री उतरला होता का, थंडी वाजून येतो का, हे कळले म्हणजे आजाराचा माग लागतो. हा साधा नियम आपण शरीराला लावतो. परंतु ज्या हवेत ते शरीर चोवीस तास वावरते, त्या हवेला मात्र लावत नाही.

हा विषय आरोग्याच्या सदरात कसा, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घरगुती हवामान केंद्रे दिसू लागली आहेत. गच्चीवर एक खांब, त्यावर वाऱ्याच्या वाट्या, पाऊस मोजण्याचे भांडे, पांढऱ्या झापांच्या डबीत तापमान आणि आर्द्रता मोजणारे यंत्र, आणि खाली दिवाणखान्यात आकडे दाखवणारा पडदा. काही बागायतदारांनी ती शेतात बसवली आहेत, काही हौशी मंडळींनी घरावर. ‘आज आमच्याकडे त्रेचाळीस!’ असे शेजाऱ्याला सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा विसरला जातो. अशा वेळी ते यंत्र भिंतीवरच्या शोभेच्या घड्याळाइतकेच उपयोगी ठरते. माझे स्पष्ट मत असे आहे की, यंत्र कितीही महाग असो, त्याची खरी किंमत शेजारी ठेवलेल्या वहीवर ठरते. माझ्याही गच्चीवर असे यंत्र आहे, आणि दवाखान्यात जाण्यापूर्वी त्याचे आकडे मी वहीत उतरवतो.

मोबाइलवर तापमान दिसते, मग वही कशाला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मोबाइलवरचा आकडा बहुधा आपल्या गल्लीत मोजलेला नसतो. दूरच्या केंद्रांच्या नोंदी आणि संगणकाचे गणित यांवरून काढलेला तो अंदाज असतो. राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु मंडळातील मोकळ्या जागेवरचे तापमान आणि गावठाणात पत्र्याखाली झोपणाऱ्या आजीबाईंच्या खोलीतले तापमान एक नसते. उष्मा बाधतो तो आजीबाईंच्या खोलीतला.

उष्म्याचा विचार करताना केवळ अंशांकडे पाहणे धोक्याचे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या मोठ्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी त्या भागातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भ-खानदेशातला माणूस ३८ अंशांना ऊनही म्हणणार नाही. पण किनारपट्टीची हवा दमट असते. घाम येऊन चालत नाही, तो वाळावा लागतो. वाळला तरच अंग थंड होते. हवाच ओलसर असेल तर घाम नुसता निथळत राहतो आणि शरीरातील उष्णता आतच साठते. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या कोष्टकाप्रमाणे ३८ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला सुमारे ४३ अंशांसारखे वाटते. तेच ३८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर सुमारे ४८ अंशांसारखे. हे आकडे सावलीतले आहेत. उन्हात उभे राहणाऱ्याला त्याहूनही अधिक बाधते.

म्हणूनच वहीत तापमानाबरोबर आर्द्रता हवी. मात्र येथे एक चूक अनेकांकडून होते. दिवसातील सर्वांत जास्त तापमान आणि दिवसातील सर्वांत जास्त आर्द्रता घेऊन दोहोंचे गणित मांडले जाते आणि भयंकर आकडा निघतो. आर्द्रता सर्वांत जास्त असते ती पहाटे, गारव्यात. आणि तापमान सर्वांत जास्त असते ते दुपारी, त्या वेळी आर्द्रता खाली आलेली असते. दोन्ही आकडे एकाच वेळचे घ्यावेत. दुपारी तीनची वेळ त्यासाठी सोयीची आहे.

नोंदींनी काय साधते, याचे उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. ‘उष्माघात’ अशी नोंद झालेले मृत्यू थोडेच होते. पुढे अभ्यासकांनी शहरातील रोजच्या मृत्यूंची नोंद आणि रोजचे तापमान शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्या महिन्यात आधीच्या व नंतरच्या वर्षांच्या मानाने सुमारे १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे त्यांना आढळले. कोणाच्या दाखल्यावर हृदयविकार असेल, कोणाच्या वार्धक्य. पण ऊन त्या सर्वांच्या मागे होते. या शहाणपणातूनच २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि इतर शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. दोन साध्या नोंदवह्या एकत्र वाचल्या नसत्या, तर ते मृत्यू कोणाच्या हिशेबातच आले नसते.

एकट्या माणसाच्या वहीलाही मोल असते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७८७ पासून १८४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ५७ वर्षे हवामानाची दैनंदिनी ठेवली. ल्यूक हॉवर्ड हे औषधे तयार करणारे गृहस्थ. लंडनबाहेर राहून त्यांनी वर्षानुवर्षे रोजचे तापमान लिहिले, शहरातील तापमानाशी ताडून पाहिले आणि शहराची रात्र आसपासच्या खेड्यांपेक्षा उबदार असते, हे दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. आज आपल्या तालुक्याच्या गावातही झाडे जाऊन सिमेंटची घरे उभी राहिली आहेत. ‘पूर्वी रात्री गार वारा सुटायचा’ असे आपण म्हणतो. किती गार, आणि कधीपर्यंत, हे सांगायला वही हवी.

आता वही कशी ठेवावी ते पाहू. दोनशे पानांची साधी वही पुरे. रकाने सातच करावेत : तारीख, कमाल तापमान, किमान तापमान, दुपारी तीनचे तापमान व आर्द्रता, पाऊस, रात्री दहा वाजता घरातील तापमान, आणि शेरा. यंत्र नसेल तर कमाल-किमान दाखवणारा साधा तापमापक, आर्द्रता दाखवणारी लहान डबी आणि प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक एवढ्यावरही काम भागते. बाहेरचे यंत्र भिंतीपासून व पत्र्यापासून दूर, सावलीच्या पांढऱ्या पेटीत आणि वारा लागेल असे ठेवावे. उन्हात टांगलेला तापमापक हवेचे तापमान दाखवत नाही, स्वतःचेच दाखवतो.

वेळ ठरलेली हवी. भारतीय हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते आणि आदल्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर लिहिते. घरगुती यंत्रे मात्र बहुधा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा पाऊस धरतात. त्यामुळे वर्तमानपत्रातील आकडा आणि घरचा आकडा जुळत नाही आणि लोक यंत्राला दोष देतात. कोणती पद्धत धरली, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि मग ती बदलू नये. यंत्राची जागा बदलली, शेजारचे झाड तोडले, नवा स्लॅब पडला, तर तारखेसह तेही लिहावे. नाहीतर पाच वर्षांनी ‘हवा तापली’ असे आपण म्हणू आणि प्रत्यक्षात सावली गेलेली असेल.

सर्वांत महत्त्वाचा नियम प्रामाणिकपणाचा. लग्नासाठी तीन दिवस परगावी गेलात, तर ते रकाने रिकामे ठेवा. आदल्या-नंतरच्या आकड्यांवरून अंदाजे भरू नका. भांड्यात तीन दिवसांचा पाऊस साठला असेल तर परतल्याच्या तारखेला ‘तीन दिवसांचा एकूण’ असा शेरा मारून लिहा; तिघांत वाटून टाकू नका. पाऊस नसेल तर शून्य लिहा, पाहिलेच नसेल तर आडवी रेघ ओढा. शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हता; रेघ म्हणजे पाहिलेच नाही. दवाखान्यात न मोजलेला रक्तदाब ‘नॉर्मल’ म्हणून लिहिणाऱ्याला आपण काय म्हणू? तोच न्याय येथेही लावावा.

यंत्र आपोआप साठवते म्हणून निश्चिंत राहू नये. अनेक यंत्रांची आठवण भरली की जुने आकडे पुसून नवे बसतात. सेल बदलताना घड्याळ मागे-पुढे होते आणि सगळ्या नोंदी चुकीच्या वेळेवर जातात. आठवड्यातून एकदा यंत्रातील नोंदी संगणकात उतरवून घ्याव्यात, त्यांची दुसरी प्रत वेगळी ठेवावी आणि वर्षातून दोनदा यंत्राचीही तपासणी करावी. बाहेर काढता येणारा जलरोधक तापमापक बर्फाचा चुरा व पाणी यांच्या मिश्रणात शून्य दाखवतो का ते पाहावे. आर्द्रतेची डबी, ओलसर केलेल्या मिठाच्या वाटीसह, मिठाचा स्पर्श होऊ न देता बंद डब्यात दिवसभर ठेवली तर ती ७५ टक्क्यांच्या जवळपास यायला हवी. पावसाच्या भांड्यात पाला, कोळ्याचे जाळे आणि पक्ष्यांची घाण साचते. ते मृगापूर्वी स्वच्छ करावे.

आता शेऱ्याचा रकाना. आरोग्याच्या दृष्टीने हाच वहीचा प्राण आहे. घरातील कोणाला चक्कर आली, कोणाचा दमा उठला, आजोबांना रात्रभर झोप लागली नाही, मुलाला ताप आला, असे दोन शब्द लिहावेत. दोन-तीन ऋतू गेले की आपल्या घराच्या खोडी कळू लागतात. ऐन वैशाखापेक्षा मार्चअखेरचे पहिले तापलेले दिवस जास्त बाधतात असे काहींना आढळेल. त्याला कारण आहे. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. शेतमजूर, गवंडी आणि हमाल यांना त्या पहिल्या दिवसांत कामाचे तास हळूहळू वाढवून द्यावेत. रात्री दहाचा आकडा सतत चढा राहत असेल तर घरातील वृद्धांची झोपण्याची जागा बदलावी, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवसाचे ऊन सोसवत नाही. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. परस्पर गोळी बंद करू नये.

पावसाचा रकानाही असाच बोलका आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. अनुकूल हवेत अंड्यापासून डास व्हायला सुमारे ७ ते १० दिवस लागतात. म्हणजे वहीत पहिला दमदार पाऊस लिहिला की आठवड्याच्या आत कूलर, टायर, कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरची अडगळ रिकामी व्हायलाच हवी. हा दिवस वहीतच लाल शाईने लिहून ठेवावा.

एक इशारा मात्र द्यायला हवा. वही निदान करत नाही. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, बेशुद्ध पडला किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर त्या वेळी आकडे पाहत बसू नये. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घरात यंत्र शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. गावातील एक माध्यमिक शाळा, एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दोन-चार हौशी घरे एवढ्यांनी एकाच पद्धतीने वही ठेवली तरी पुष्कळ झाले. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने साडेआठची नोंद घ्यावी. आरोग्य केंद्राने त्याच तारखांना आलेले तापाचे, जुलाबाचे आणि उन्हाचे रुग्ण शेजारी लिहावेत. नावे लिहू नयेत, संख्या पुरे. उन्हाळ्यात शाळेची वेळ केव्हा बदलावी, बाजारात पाणपोई कधी सुरू करावी, रोजगार हमीचे काम किती वाजता थांबवावे, हे ग्रामसभेत ठरताना ती वही समोर ठेवावी. आज हे निर्णय सवयीने किंवा वरून परिपत्रक आल्यावर होतात. आपल्या गावाची हवा जेव्हा तापते तेव्हा ते व्हायला हवेत. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून वही सुरू करा. पहिल्या पानावर यंत्राची जागा, नोंदीची वेळ आणि लिहिणाऱ्याचे नाव टाका, आणि पेन वहीला दोऱ्याने बांधून ठेवा.