चॉकलेट बॉक्सचा रेट लावताना तुमची मजुरी कुठे जाते?



लग्नाच्या रिटर्न गिफ्टसाठी घरगुती चॉकलेट बॉक्सची ऑर्डर आली की बहुतेक जण काय करतात? सामानाचा खर्च काढतात, वर दहा रुपये ठेवतात आणि रेट सांगून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे, हा धंदा नाही, ही फुकटची मेहनत आहे.

चला, हिशोब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या होलसेलवाल्याचे भाव तुम्ही घाला.

ऑर्डर २०० बॉक्सची. एका बॉक्समध्ये १० ग्रॅमची ४ चॉकलेटं, म्हणजे ८ किलो माल. कंपाउंड ४०० रुपये किलो धरलं तर बॉक्समागे १६ रुपये. रिकामा बॉक्स, फॉइल, रिबन, स्टिकर मिळून २२. तुटफूट २. झाले ४० रुपये.

तुम्ही ५० रुपये सांगितले. २०० बॉक्सचे २,००० सुटले, मन खूश! पण फ्रिजची वीज, गॅस, रिक्षा यात १,००० गेले. उरले १,०००. आणि ८०० चॉकलेटं साच्यात ओतणं, काढणं, फॉइलमध्ये गुंडाळणं, रिबन बांधणं याला लागले २० तास. म्हणजे तासाला ५० रुपये. हा नफा नाही, ही तुमची मजुरी आहे, तीसुद्धा अर्धी. नफा शून्य.

आता नीट मांडा. सामान ४०, वीज-रिक्षा ५, मजुरी तासाला १०० प्रमाणे १०. खर्च ५५. त्यावर २५ टक्के नफा, म्हणजे साधारण ७० रुपये. यातूनच उद्या नवे साचे येतील, एफएसएसएआय नोंदणीचा खर्च निघेल.

"पण मॅडम, ७० सांगितले तर गिऱ्हाईक जाईल ना?" काही जातील. जाऊ द्या. लग्नाचे मुहूर्त मोजके असतात आणि सगळ्यांचे त्याच तारखांना येतात. ५० च्या ऑर्डरमध्ये तुमचे हात अडकले, तर ७० ची ऑर्डर तुम्हालाच परत पाठवावी लागेल.

घासाघीस झाली तर रेट तोडू नका, बॉक्स बदला. बघा, ७० रुपयांत चॉकलेट फक्त १६ चं आहे. एक चॉकलेट काढून चारच रुपये वाचतात, आणि बॉक्स मात्र रिकामा दिसतो. त्यापेक्षा फॉइलऐवजी कागदी कप द्या, साधा बॉक्स घ्या. सामान वाचेल आणि तुमचे तासही वाचतील. बहीण, मावशी यांना सूट द्यायची असेल तर जरूर द्या, पण बिलावर पूर्ण रेट लिहून खाली सूट दाखवा. नाहीतर तोच रेट सगळ्या नात्यात पसरतो.

आणखी दोन गोष्टी. कोटेशनवर "१५ दिवसांसाठी" असं लिहा आणि निम्मा ॲडव्हान्स घ्या. २०२४ मध्ये कोकोचे भाव जगभर कसे भडकले ते आपण पाहिलंय. दुसरं, एप्रिल-मेच्या उन्हात चॉकलेट वितळतं. माल त्यांनी नेला तर पुढची जबाबदारी त्यांची, तुम्ही पोचवला तर थर्माकोलच्या पेटीचा आणि बर्फाचा खर्च वेगळा, हे आधीच ठरवा.

आज एकच काम करा. मागच्या ऑर्डरची वही काढा, लागलेले तास लिहा आणि उरलेले पैसे त्या तासांनी भागा. येणारा आकडा पाहून पुढचा रेट काय सांगायचा, ते मला विचारावं लागणार नाही.