सुएझचा पथकर कोणाच्या खिशातून?

सुएझ कालव्यातून जाणाऱ्या मोठ्या कंटेनरवाहू जहाजाला एका खेपेसाठी ५ लाख डॉलरहून अधिक पथकर मोजावा लागतो. जहाज कंपन्या तो वर्षानुवर्षे भरत आल्या, त्यामागे साधा हिशेब आहे. आफ्रिकेला वळसा घालायचा तर मुंबई-लंडन प्रवासात सुमारे ८ हजार किलोमीटरची भर पडते; इंधन, पगार आणि दिवस वाढतात. पथकर किती चढू शकतो हे या वळशाच्या खर्चावरून ठरते. कालव्याच्या डागडुजीशी त्याचा फारसा संबंध नाही. रिकार्डोने सुपीक जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले, तेच येथे पाण्याच्या एका चिंचोळ्या पट्ट्याला लागू पडते.

हा खंड आजवर खाल्ला कोणी? इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीस धरून ज्याचे खोदकाम सुरू झाले, तो कालवा १८६९ मध्ये खुला झाला. कर्जात बुडालेल्या खेदिव इस्माइलने १८७५ मध्ये आपले समभाग ब्रिटनला ४० लाख पौंडांना विकले. १८८० मध्ये नफ्यातील १५ टक्क्यांचा हक्कही गेला. त्यानंतर अर्धशतकभर, ज्या भूमीतून कालवा वाहतो तिच्या पदरी नफ्याची कवडीही पडली नाही. २६ जुलै १९५६ रोजी नासेर यांनी राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा लंडन-पॅरिसला आंतरराष्ट्रीय कायद्याची एकाएकी झालेली आठवण या पार्श्वभूमीवर पाहावी.

राष्ट्रीयीकरणाने मालक बदलला, बाजारावरचे अवलंबन मात्र कायम राहिले. नोव्हेंबर २०२३ पासून हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले आरंभले, विम्याचे दर भडकले आणि कंपन्या आफ्रिकेच्या वळशाने जाऊ लागल्या. कालव्याचे २०२३ मधील सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न २०२४ मध्ये ४ अब्जांवर आले. २०२५ मध्ये मोठ्या कंटेनर जहाजांना १५ टक्के सवलत जाहीर झाली. पण भीती विम्याच्या हप्त्यात असताना पथकरातील सूट काय करणार?

लांबलेल्या वाटेने जहाजे अडकून पडली, भाडी चढली, आणि मर्स्कसारख्या कंपनीचा २०२४ चा नफा आदल्या वर्षापेक्षा वाढला! त्याच हंगामात नाशिकची द्राक्षे याच वळशाने युरोपला निघाली. नाशवंत मालाच्या धन्याला भाव पटेपर्यंत थांबता येत नाही. त्यामुळे वाढीव भाड्याचा मोठा भार बागाईतदाराकडे सरकतो. आपल्या परदेशी व्यापारातील फारच थोडा माल भारतीय जहाजांतून जातो, आणि तरीही शिपिंग कॉर्पोरेशनमधील सरकारी हिस्सा विकण्यास केंद्राने २०१९ मध्ये मान्यता दिली होती. तो निर्णय आता तरी कायमचा रद्द झाला पाहिजे.