खुर्ची धालीवालांची, दर्या कुणाचा?

हर्ब धालीवाल हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. जन्म १९५२ चा, पंजाबातला. सहा वर्षांचे असताना कॅनडात गेले, व्हँकुव्हरला वाढले, व्यवसायात स्थिरावले आणि १९९३ मध्ये लिबरल पक्षातर्फे व्हँकुव्हर साऊथमधून खासदार झाले. १९९७ साली पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांनी त्यांना महसूलमंत्री केले. भारतीय वंशाचा माणूस कॅनडाच्या केंद्रीय मंत्रिमंडळात बसण्याची ती पहिलीच वेळ. ज्या व्हँकुव्हरच्या बंदरातून १९१४ साली 'कोमागाटा मारू' जहाजावरच्या शेकडो पंजाबी उतारूंना हाकलून दिले, ज्या प्रांताने भारतीयांना १९४७ पर्यंत मताचा अधिकार नाकारला, तिथून हा माणूस दिल्लीच्या नव्हे, ओटावाच्या मंत्रिमंडळात गेला. ही लहान गोष्ट नाही. प्रतिनिधित्वाचे मोल आंबेडकरी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु खुर्ची मिळाली म्हणजे न्याय मिळाला काय? ऑगस्ट १९९९ मध्ये धालीवालांकडे मत्स्योद्योग व महासागर खाते आले आणि दीड महिन्यातच हा प्रश्न त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

डोनाल्ड मार्शल हा अटलांटिक किनाऱ्यावरील मिकमॅक या मूलनिवासी जमातीचा माणूस. न केलेल्या खुनासाठी त्याने ११ वर्षे तुरुंगात काढली होती. १९८३ मध्ये तो निर्दोष ठरला, आणि पुढे चौकशी आयोगाने त्याच्यावरील अन्यायामागे वंशद्वेष होता हे स्पष्ट नोंदवले. याच मार्शलवर १९९३ मध्ये पुन्हा खटला भरला गेला. गुन्हा कोणता? परवान्याशिवाय, बंदीच्या काळात ४६३ पौंड वाम मासे पकडून ७८७ डॉलर १० सेंटला विकले! तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १७ सप्टेंबर १९९९ रोजी पाच विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयाने सांगितले, की ब्रिटिश राजसत्तेने १७६० व १७६१ मध्ये मिकमॅकांशी केलेले तह आजही जिवंत आहेत आणि त्यानुसार माफक उपजीविकेपुरते मासे पकडून विकण्याचा त्यांना हक्क आहे. कॅनडाच्या १९८२ च्या संविधानातील कलम ३५ असे तहातले हक्क मान्य करते. म्हणजे मेहरबानीचा प्रश्नच नव्हता, हा संविधानाचा शब्द होता.

वकिली करणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते. हुकूमनामा हाती येणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी होणे वेगळे. खरी चप्पल झिजते ती दरखास्तीत. मिकमॅकांचे नेमके तेच झाले. न्यू ब्रन्स्विक प्रांतातील बर्न्ट चर्च येथील मिकमॅकांनी निकालाच्या आधारे शेवंड म्हणजे लॉब्स्टर पकडायला पाण्यात सापळे टाकले. ३ ऑक्टोबर १९९९ रोजी बिगर-मूलनिवासी मच्छीमारांच्या सुमारे दीडशे बोटी तिथे गेल्या आणि त्यांनी मिकमॅकांचे सापळे तोडून टाकले. १७ नोव्हेंबरला न्यायालयाने एक खुलासा केला, की सरकार योग्य कारणासाठी, विशेषतः मासळीच्या संवर्धनासाठी, या हक्कावर नियंत्रण घालू शकते. एवढ्या गदारोळानंतर दोन महिन्यांत असा खुलासा यावा, यावर कायद्याच्या जाणकारांनी तेव्हाच भुवया उंचावल्या होत्या. माफक उपजीविका म्हणजे किती, हे मात्र कुणीच ठरवले नाही.

धालीवालांना निव्वळ खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. त्यांनी वाटाघाटीसाठी प्रतिनिधी नेमला, जुन्या मच्छीमारांचे परवाने सरकारी पैशाने विकत घेऊन मूलनिवासी वस्त्यांना दिले, आणि बहुतेक वस्त्यांनी करारांवर सह्याही केल्या. बर्न्ट चर्चने सही नाकारली. सही केली तर हक्काचा परवाना होतो, असे त्यांचे म्हणणे होते. हक्क स्वतःचा असतो, परवाना देणाऱ्याचा असतो. त्यांनी मासेमारीचे स्वतःचे नियम केले. मंत्र्यांनी ते मानले नाहीत. संवर्धनाचे कारण पुढे केले. उन्हाळ्याअखेर शेवंड कात टाकते, तेव्हा ती पकडू नये, हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण त्याच उपसागरात वसंतातल्या हंगामात इतरांचे कितीतरी पट अधिक सापळे पडत, तेव्हा संवर्धनाचा भार सर्वांत लहान बोटीवरच का? ऑगस्ट २००० मध्ये खात्याच्या मोठ्या बोटी मिकमॅकांच्या छोट्या बोटींवर घातल्या गेल्या. माणसे पाण्यात पडली. ती दृश्ये देशभर दूरचित्रवाणीवर दिसली. त्या खात्याचा मंत्री एकेकाळी मतदानालाही अपात्र ठरवलेल्या समाजाचा होता.

येथे बाबासाहेब आठवतात. १९३२ साली त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह धरला आणि पुणे करारात तो सोडावा लागला. आपल्या जातीचा माणूस निवडून येतो की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. तो कुणाच्या मतांवर उभा आहे, हा प्रश्न होता. जो इतरांच्या मर्जीने बसतो तो इतरांना जबाबदार राहतो. मिकमॅक धालीवालांचे मतदार नव्हते. त्यांचे मतदार हजारो मैलांवर व्हँकुव्हरला होते, आणि खुर्ची पक्षाची होती. कॅनडातील मूलनिवासींना स्वतःची जमातीची ओळख न सोडता केंद्रीय निवडणुकीत मत देता येऊ लागले तेच मुळी १९६० मध्ये.

पक्षाने दिलेली खुर्ची पक्षाने काढूनही घेतली. २००२ मध्ये धालीवालांना नैसर्गिक साधनसंपत्ती खाते मिळाले. पुढच्याच वर्षी, नेतृत्व क्रेतियाँकडून पॉल मार्टिन यांच्याकडे जात असताना, धालीवालांच्या स्वतःच्या मतदारसंघातील पक्षशाखा मार्टिन समर्थकांनी ताब्यात घेतली. डिसेंबर २००३ मध्ये मंत्रिपद गेले. २००४ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

मार्शल २००९ मध्ये वारला. निकालाला २१ वर्षे झाली त्याच दिवशी, १७ सप्टेंबर २०२० रोजी, नोव्हा स्कॉशियातील सिपेकनेकाटिक या मिकमॅक वस्तीने सरकारी परवान्याची वाट न पाहता स्वतःची शेवंड मासेमारी सुरू केली. पुढच्याच महिन्यात त्यांची शेवंड जिथे ठेवली होती अशी एक इमारत जाळण्यात आली. तेव्हा मत्स्योद्योगमंत्री दुसऱ्या होत्या, आणि माफक उपजीविका म्हणजे किती, हे तोवरही ठरलेले नव्हते.