रंग खरवडणे म्हणजे दस्तऐवज धुऊन टाकणे

१/ दुसऱ्या महायुद्धातील विमानाच्या कॉकपिटचा एखादा भाग हाती आला, की ‘जीर्णोद्धारा’चा पहिला सोपस्कार ठरलेला: जुना रंग खरवडायचा आणि ‘इंटिरियर ग्रीन’ असे लेबल असलेल्या डब्यातला रंग फवारायचा. हा जीर्णोद्धार नव्हे, पुराव्याचा नाश आहे.

२/ ‘अमेरिकी कॉकपिट म्हणजे हिरवे’ हे अर्धसत्य आहे. ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून झिंक क्रोमेटचा लेप देत. तो मुळात हिरवट पिवळा. त्यात काळा मिसळून हिरवी छटा साधली जाई. १९४३ मध्ये ‘एएनए ६११’ या क्रमांकाने ती प्रमाणित झाली खरी. पण मिश्रणात काळा किती, यावर छटा बदलणारच. मग एकच डबा सर्व विमानांना कसा चालेल?

३/ ‘आज दिसतो तोच रंग जुळवू’ हाही भ्रम. रंगातील तेल आणि राळ कालांतराने पिवळी पडते, ऊन रंगद्रव्य फिकट करते. मूळ छटा शोधायची ती नामपट्टीखाली, कंसामागे, स्क्रूच्या डोक्याखाली; जिथे ऊन आणि हात पोहोचले नाहीत तिथे.

४/ ‘छायाचित्रे आहेत ना?’ कृष्णधवल छायाचित्रात दोन हिरव्या छटा सारख्याच करड्या दिसू शकतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तर तांबडा जवळजवळ काळा उमटतो. रंगीत फिल्मचे रंग स्वतःच उडतात.

५/ खरी पद्धत संथ आहे. नाण्याएवढ्या जागेत बारीक पॉलिश पेपर पाणी लावून फिरवावा. एकात एक वलये उमटतात आणि प्रत्येक वलय म्हणजे एक थर. कारखान्याचा कोणता, दुरुस्तीतला कोणता, हे त्या क्रमावरून कळते. क्रोमेटची धूळ कर्करोगकारक आहे. कोरडे घासणे सर्वथा वर्ज्य.

६/ ‘प्रेक्षकांना चकचकीत विमान हवे असते’ हा शेवटचा बचाव. स्मिथसोनियनकडील ‘फ्लॅक-बेट’ हे बी-२६ बॉम्बफेकी विमान २०० हून अधिक मोहिमा करून आले. त्याचे नव्याने रंगकाम न करता मूळ रंग जपण्याचा मार्ग तिथे स्वीकारला गेला. ठिगळे आणि ओरखडे हाच त्याचा इतिहास आहे.

७/ फिकट झालेला मोडी कागद धुऊन त्यावर सुवाच्य बाळबोध नक्कल कोणी लिहील काय? मग पत्र्यावरील लेखाला वेगळा न्याय का? रंगवणे अटळच असेल, तर मूळ रंगाचा एक तुकडा तरी अस्पर्श ठेवा आणि काय काढले याची नोंद करा. पुढच्या अभ्यासकाला आपले अनुमान तपासता आले पाहिजे.