‘मोकळी’ या एका शब्दाची किंमत!



दरोडेखोर रात्री येतो, कुलूप फोडतो आणि सापडला तर तुरुंगात जातो. थैलीशहाला एवढी यातायात कशाला? तो भरदिवसा मंत्रालयात जातो आणि कायदाच बदलून घेतो!

खोटे वाटते? मग गिरणगावच्या जमिनीचा हिशेब ऐका. मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि एकेक भोंगा गप्प झाला. तेव्हा मालकांची नजर कापडावरून जमिनीवर गेली.

1991 साली विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळ मानाने तिचे तीन वाटे करा: एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मालकाला हे कसे पचावे?

2001 साली नियम दुरुस्त झाला. वाटणी करायची ती फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची! शेड पाडून मोकळी झालेली जागा त्यातून वगळली. आता तुम्हीच सांगा, गिरणीत मोकळी जमीन असते किती? साचाखाते, गोदाम, चिमणी, सगळीकडे बांधकामच! शेड मालकाने पाडायची, जमीन मालकानेच गिळायची आणि कामगाराने हात चोळत बसायचे!

ऑक्टोबर 2005 मध्ये हायकोर्टाने कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने कौल दिला. मार्च 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. त्याच 2005 साली एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन 702 कोटींना गेली. आणि कामगारांना काय मिळाले? अर्ज दीड लाखाहून अधिक, आणि 2012, 2016 व 2020 च्या सोडतींत मिळून घरे 16,000 च्या आत!

कोणी म्हणेल, यात पैसा चारला याचा पुरावा काय? अहो, पुरावा राहूच नये अशी सोय दिल्लीने कायद्यानेच करून ठेवली होती! कंपनीने पक्षांना नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही मर्यादा 2017 साली उडवली. 2018 पासून निवडणूक रोखे आले. देणारा कोण, हे मतदाराला कळायचे नाही! 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने हे रोखे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कुठे नावे बाहेर आली.

कामगाराने हक्क मागितला तर तो मोर्चा, आणि मोर्च्याला लाठी. मालकाने मागितला तर ते ‘धोरण’, आणि धोरणाला सही-शिक्का! हा न्याय कुठला?

म्हणून आमची मागणी साधी आहे. नियम बदलण्याआधी तो कोणी मागितला, कोण कोणत्या मंत्र्याला भेटले आणि कोणी कोणत्या पक्षाला किती दिले, हे जाहीर करा! माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. चाळीचाळीतून अर्ज टाका, फाईल उघडायला लावा.

एका शब्दाने आपली जमीन गेली. आता आपण गप्प बसलो तर पुढचा शब्दही तेच लिहितील!