बळीचें राज्य आणि वेगळी पंगत



दिवाळीच्या पाडव्यास आपल्या घरच्या बाया ओवाळितांना "इडा पिडा टळो, बळीचें राज्य येवो" असें म्हणतात. पण त्या राज्यांत जेवावयास कोण कोणाशेजारीं बसावा, याचा विचार किती घरांत होतो? पोथी सांगते कीं, वामनानें तीन पावलें भूमि मागितली व बळीस पाताळांत लोटलें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' ग्रंथांत ही कथा उलटून वाचली. बळी हा रयतेचा राजा, व वामन हा बाहेरून येऊन राज्य हिसकावणारा, असें त्यांनीं सांगितलें.

या राजाचा सण सर्व राज्यभर थाटानें पाळणारा मुलूख म्हणजे केरळ. तेथें बळीस महाबली अथवा मावेली म्हणतात व सणास ओणम. आपल्या श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास तो दहा दिवस चालतो. तिरुवोणमच्या दिवशीं राजा आपली रयत सुखी आहे कीं नाहीं हें पाहावयास येतो, अशी लोकांची समजूत. म्हणून अंगणांत फुलांच्या रांगोळ्या घालतात, नवीं वस्त्रें नेसतात, आणि केळीच्या पानावर तांबडा उकडा भात, सांबार, ओल्या खोबऱ्यांत शिजविलेली मिसळ भाजी म्हणजे अवियल, केळ्याचे तळलेले काप व शेवटीं पायसम म्हणजे खीर वाढतात. कित्येक ख्रिस्ती व मुसलमान घरेंही हा सण पाळतात. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाल्यापासून आपल्याकडून तिकडे जाणें सोपें झालें आहे. तीर्थावर दक्षिणा ओतण्यापेक्षां ज्यास जमेल त्यानें एकदां तें जाऊन पाहावें.

परंतु आंधळी स्तुति करणें हें सत्यशोधकाचें काम नव्हे. मावेलीच्या राज्यांत सर्व माणसें सारखीं होतीं, असें जेथें पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, तेथेंच पुलया जातीच्या शेतमजुरास वरच्या जातींपासून ठराविक पावलें दूर राहावें लागे. वैकमच्या देवळाभोंवतालचे रस्ते तरी चालावयास मिळावेत म्हणून १९२४-२५ सालीं सत्याग्रह करावा लागला. त्रावणकोर संस्थानांतील देवळें सर्व जातींच्या हिंदूंस खुलीं झालीं तीं १९३६ सालीं. खीर कितीही गोड असो, तिनें शिवाशीव धुतली नाहीं. ती माणसांस धुवावी लागली.

१९१७ सालीं चेराई गांवीं सहोदरन अय्यप्पन या तरुणानें पुलया लोकांस घेऊन सहभोजन केलें. त्याची जात ईळवा. वरच्या जाती तिलाही दूरच ठेवीत. मग त्यास शिव्या कोणीं दिल्या? त्याच्याच जातवाल्यांनीं! 'पुलया अय्यप्पन' म्हणून हिणविलें, बहिष्कार घातला. त्यानें तें नांव भूषण म्हणून मिरविलें.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. यात्रेच्या भंडाऱ्याला वर्गणी सर्वांची, धान्य सर्वांच्या घामाचें. पण कित्येक गांवीं एका वस्तीला मागाहून वाढतात, अगर शिधा वेगळा पाठवितात. अशाच एका भंडाऱ्यांत माझ्या वर्गांतला एक मुलगा आपल्या मित्राशेजारीं पानावर बसला. शाळेंत दोघे रोज दुपारीं एकाच रांगेंत जेवतात. एका गृहस्थानें त्यास दंडाला धरून उठविलें. हे गृहस्थ आदल्याच दिवशीं जोतीरावांच्या तसबिरीस हार घालून आले होते. पोरानें माझ्याकडे पाहिलें. मी खालीं मान घातली. ती लाज आज मजकडून हें लिहवीत आहे.

बंधूंनो, त्या पंगतींत भट नव्हता. पोरास उठविणारा हात आपलाच होता. वामनाला शिव्या देऊन आपण बळीचे होत नाहीं. शेजाऱ्यास पान मांडूं तेव्हांच होऊं.

येत्या पाडव्यास प्रत्येक गांवानें एक पंगत बसवावी. केरळांत जमीन विकावी पण ओणमचें जेवण जेवावें, अशा अर्थाची म्हण आहे. ती मात्र आपण घेऊं नये. कर्ज काढून वाढलेली पुरणपोळी हें बळीचें नव्हे, सावकाराचें राज्य होय. ज्याच्या घरीं भाकरी त्यानें भाकरी आणावी, ज्याच्या घरीं भाजी त्यानें भाजी, नाहीं त्यानें पाणी भरावें. जो जसा येईल तसा बसेल. बायांनींही त्याच पंगतींत बसावें, उरलेलें खाण्यास मागें राहूं नये. कोणी कोणास उठवूं नये.

मी त्या मुलाशेजारीं बसणार आहें. त्या पंगतींत बसून मग खुशाल म्हणा, बळीचें राज्य येवो.

— एक खेड्यांतील शिक्षक