चौथीतल्या पोराचा पगार किती?

शाळेच्या व्हॅनला अपघात झाला, मूल गेलं, की आपल्याकडे दोन दिवस एकच वाक्य ऐकू येतं: "अमेरिकेत असतं ना, ज्युरीनं कंपनीला कोटींत झोपवलं असतं." हे अर्धंच खरं आहे. त्यावर येतो, आधी आपल्या घरातलं बघू.

शेजारच्या एका कुटुंबासोबत मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातोय. नऊ वर्षांचा मुलगा गेलाय त्यांचा. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी बापाला विचारलं, "मुलगा काही कमवत होता का?" बाप म्हणाला, "साहेब, चौथीत होता." वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यांच्यावर माझा राग नाही. तो प्रश्न त्यांनी कायद्यातूनच उचललाय.

आपला कायदा मूल गेल्याची भरपाई फारशी देतच नाही. त्या मुलानं पुढे घरात किती आणलं असतं, याचा अंदाज बांधतो आणि तेवढं देतो. १९९४ साली मोटार वाहन कायद्यात न कमावणाऱ्या माणसाचं उत्पन्न धरलं वर्षाला १५,००० रुपये. म्हणजे महिन्याला १,२५०. हा आकडा वर्षानुवर्षं तसाच राहिला. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका दहा वर्षांच्या मुलाच्या दाव्यात ३०,००० धरले. महागाई वाढली म्हणून २०२१ मध्ये आणखी वाढवले असतील असं वाटेल तुम्हाला. नाही! त्या वर्षीच्या एका निकालात २५,००० धरले.

त्या २०२१ च्या निकालाचा हिशोब बघा. मुलगा सात वर्षांचा, अपघात २००४ चा. २५,००० गुणिले १५ म्हणजे ३,७५,०००. मूल गमावल्याबद्दल आईला ४०,०००, बापाला ४०,०००. अंत्यविधीचे १५,०००. एकूण ४,७०,००० आणि वर व्याज. निकालाला सतरा वर्षं लागली. पोरगा असता तर तोवर चोवीस वर्षांचा झाला असता. म्हणजे खरोखरच कमावता.

आणि हे फक्त रस्त्यावरच्या अपघातांचं नाही. दिल्लीत १३ जून १९९७ ला उपहार सिनेमागृहाला आग लागली, ५९ माणसं गेली. हायकोर्टानं वीस वर्षांवरच्या मृतांसाठी १८ लाख आणि खालच्यांसाठी १५ लाख ठरवले. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते १० लाख आणि साडेसात लाखांवर आणले. एकाच थिएटरात, एकाच धुरात गुदमरून गेले, पण लहान होते म्हणून स्वस्त.

आता ज्युरीचं. न्यूयॉर्क राज्यात असे दावे ज्युरीपुढे चालतात, पण तिथला कायदा १८४७ पासूनचा आहे आणि तोही नातेवाइकांचं आर्थिक नुकसानच मोजतो. आई-बापाच्या दुःखाचे पैसे ज्युरीला देताच येत नाहीत. विधिमंडळानं हे बदलणारं विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नर कॅथी होकल यांनी जानेवारी २०२३ ते डिसेंबर २०२४ मध्ये तीनदा ते अडवलं. विम्याचे हप्ते वाढतील म्हणे. म्हणजे निकाल न्यायाधीश देतो की ज्युरी, यानं फरक पडत नाही. मोजायचं काय, हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलंय.

"पैशानं मूल परत येतं का हो?" असं विचारणारे भेटतात. नाही येत. पण तीस वर्षांचा इंजिनिअर गेला तर विमा कंपनी तडजोडीला धावते आणि मुलाची फाईल निवांत पडून राहते, कारण ती स्वस्त आहे. व्हॅनमध्ये पोरं कोंबणाऱ्यालाही हे चांगलं कळतं.

बरं, दुसरा रस्ता कोर्टानंच दाखवलाय. २०२० मध्ये हरियाणातल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या दाव्यात, ती कायमची अपंग झाली होती, सुप्रीम कोर्टानं कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं आणि भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के वर दिले. मग जे मूल वाचलंच नाही, त्याला तेव्हा तेच माप का नव्हतं? मुलगा वाचला असता तर कुशल कामगार आणि मेला तर वर्षाला पंचवीस-तीस हजार, हा कुठला न्याय होता?

माझी मागणी एवढीच आहे. कुशल कामगाराचं किमान वेतन हा मुलांसाठीचा तळ म्हणून कायद्यातच लिहा, निकालागणिक नशीब आजमवायला लावू नका. आणि मुलांचे दावे वर्षभरात संपवा. आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा हे विचारा त्यांना, मीही विचारणार आहे.

शेजाऱ्यांना पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. मुलाचं शाळेचं ओळखपत्र मूळ प्रत आणायला सांगितलंय.